पावसांतला मागचा दिवा

भाताची लावणी सुरू झाली कीं गोंदिया जिल्ह्यांत झड लागते, आणि आमगांवच्या रस्त्यानें संध्याकाळीं घरीं परतणारा सायकलस्वार मागून येणाऱ्या मालमोटारीला दिसेनासा होतो. तेव्हां त्याची सारी भिस्त मागच्या तांबड्या दिव्यावर. आणि पुष्कळ दिवे नेमके तेव्हांच विझतात! पाणी वरून शिरतें असा समज आहे. परंतु चाकानें उडविलेलें चिखलपाणी खालूनहि मारा करितें. म्हणून दिव्याआधीं मडगार्ड पाहावें. वेष्टनावर ‘आयपीएक्स ४’ असल्यास दिवा सर्व बाजूंच्या शिंतोड्यांस पुरतो. ‘७’ असल्यास एक मीटर पाण्यांत तीस मिनिटें बुडूनहि टिकतो. मात्र ही कसोटी स्थिर पाण्याची, झोताची नव्हे. झोतासाठीं ५ किंवा ६ हा अंक पाहावा. विजेची तार जोडण्याच्या छिद्रावरील रबरी झांकण हें खरें मर्मस्थान. तें सैल झालें कीं कोणताहि अंक व्यर्थ. कॅरियरवर गवताचा भारा असेल तर सीटखालचा दिवा झांकला जातो. तो मडगार्डाच्या मागल्या टोकास बसवावा. शेजारीं तांबडा परावर्तकहि हवाच. बॅटरी संपली तरी तो मालमोटारीचा उजेड परत पाठवितो. फक्त त्यावरचा चिखल निघण्यापूर्वीं बोटानें पुसलेला असावा.