जनुकोपचाराचे प्रतिमांकन

जनुकोपचारात रुग्णाच्या कोशिकांत (पेशींत) घातलेले जनुक शरीरात कोठे पोहोचले, तेथे ते कार्य करू लागले की नाही व किती काळ करीत राहिले, हे शस्त्रक्रियेवाचून बाहेरून पाहण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. व्हायरसाच्या वाहकातून जनुक टोचले म्हणजे ते इष्ट स्थळी कार्यशील झालेच, असे नव्हे. ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) तुकडा काढून तपासल्यास त्या तुकड्यापुरतेच उत्तर मिळते. शिवाय मेंदूसारख्या इंद्रियातून असे तुकडे वारंवार काढणे जवळजवळ अशक्यच असते.

प्रतिमेत जनुक स्वतः दिसत नाही. दिसते ते त्याच्यापासून तयार झालेल्या प्रथिनाचे कार्य. म्हणून उपचारी जनुकाला सहज ओळखता येणाऱ्या प्रथिनाचे ‘सूचक’ जनुक जोडतात. हर्पीज सिंप्लेक्स व्हायरसातील थायमिडीन कायनेज या एंझाइमाचे जनुक यासाठी विशेष अभ्यासले गेले आहे. फ्ल्युओरीन (१८) या किरणोत्सर्गी समस्थानिकाने अंकित केलेले एफएचबीजी हे संयुग शिरेतून दिले असता, ज्या कोशिकांत हे एंझाइम असते तेथे त्याला फॉस्फेट गट जोडला जाऊन ते आतच अडकते. इतर ऊतकांतून ते निघून जाते. अडकलेल्या संयुगातील पॉझिट्रॉनांचा इलेक्ट्रॉनांशी संयोग होऊन विरुद्ध दिशांना जाणारे गॅमा किरण निर्माण होतात व ते टिपून पेट यंत्र प्रतिमा तयार करते. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सु. ११० मिनिटे असल्याने काही दिवसांनी परीक्षा पुन्हा करता येते.

हेच एंझाइम गॅन्सिक्लोव्हिर या औषधाचे कोशिकामारक रूप बनण्यासही कारण होते. म्हणजे येथे उपचाराचे जनुकच सूचकाचेही काम करते. स्पेनमधील नव्हारा विद्यापीठात यकृताच्या कर्करोगाच्या ७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२००५) एक लक्ष कोटी किंवा अधिक व्हायरस कण मिळालेल्या सर्वांच्या अर्बुदांत जनुकाचे कार्य दिसले. मात्र टोचल्यानंतर ९ दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ते आढळले नाही. प्रतिमेवाचून हे कळणे कठीण होते.

अखंड रक्त-मेंदू अटकावातून एफएचबीजी जात नाही, ही या पद्धतीची मोठी उणीव होय. पार्किन्सन रोगात ही अडचण वेगळ्या रीतीने टळते. तेथे मेंदूत घातलेल्या एएडीसी या एंझाइमाच्या जनुकाचा माग, त्याच एंझाइमाने बदलल्या जाणाऱ्या व मेंदूत शिरू शकणाऱ्या संयुगाने घेतात; वेगळे सूचक जनुक लागत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एंझाइमाचे वाढलेले कार्य ४ वर्षांपर्यंत टिकलेले दिसले. रुग्णांची लक्षणे मात्र पहिल्या वर्षातील सुधारणेनंतर हळूहळू पुन्हा वाढत गेली.