सातव्या पायरीला मुळशी तालुका संपतो

मुळशीत दलाली कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हिंजवडीचा आयटी पार्क याच तालुक्यातला. पुणे जवळ येत गेलं तसे भूगाव, पिरंगुट, पौडपर्यंत जमिनींचे भाव चढले आणि गावोगाव एजंट उभे राहिले. प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’ने 2018 मध्ये जमीनविक्रीची ही गोष्ट पडद्यावर आणली. एजंटाला धास्ती एकच: पार्टी आणली मी आणि व्यवहार झाला परस्पर, तर?

इंटरनेटवर हा वाद मजकुराचा एक चिमुकला तुकडा मिटवतो. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ घडवली, म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद. 1996 मध्ये ॲमेझॉनने ‘असोसिएट्स’ ही दलालीची योजना सुरू केली. तुमच्या लिंकवरून कोणी दुकानात शिरलं, की हे गिऱ्हाईक कोणी धाडलं याची खूण 24 तास राहते. पुस्तक बघायला गेलेल्याने तेवढ्यात मिक्सर घेतला, तरी कमिशन तुमचं! मात्र मध्येच त्याने दुसऱ्या कोणाची लिंक दाबली, तर तुमची खूण पुसली गेली. साक्षीदार नाही, स्टॅम्पपेपर नाही.

इथवर मला हे यंत्र फार देखणं वाटतं. शिवाय नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. उलट 180 दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत, तर ॲमेझॉनच तुम्हाला काढून टाकतं.

मग ही दलाली शिकवतो म्हणणारे ट्रेनिंगची फी घेतात, ती कशाची? काही कोर्स खरोखर काम शिकवतात: वस्तूची पारख करून लिहावं कसं, वाचक मिळवावा कसा. पण काहींत चार धडे झाले, की विकायचा माल म्हणजे तो कोर्सच, असं उघड होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 मध्ये ‘मोबी’ नावाच्या अशाच एका कार्यक्रमाला कोर्टात खेचलं. तिथे प्रवेश 49 डॉलरचा होता आणि सर्वांत वरची मेंबरशिप जवळजवळ 30 हजार डॉलरची.

आता नुसता हिशेब करून बघा. समजा, पिरंगुटच्या एका पोराने अशा कोर्सला सहा जण आणले आणि त्यातल्या प्रत्येकाने आणखी सहा. 36, 216, 1,296, 7,776, 46,656. सातव्या पायरीला नवे लागतात 2,79,936. आणि 2011 च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची सगळी लोकसंख्या, तान्ह्या बाळांसकट, सुमारे 1 लाख 71 हजार! बाराव्या पायरीला 217 कोटी लागतात, म्हणजे भारत संपला. तेराव्या पायरीला 1,306 कोटी. तेवढी माणसं पृथ्वीवर नाहीत.

यात कोणाची लबाडी धरलेलीच नाही. सगळे प्रामाणिक असले तरी हेच घडतं, आणि कोणत्याही क्षणी सर्वांत मोठी रांग शेवटच्या पायरीचीच असते. भारतात पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनीही पिरॅमिड योजना मना केल्या.

ज्याला हा गुणाकार वेळेत दिसला, त्याला बाहेर पडणं तसं सोपं आहे. मात्र कोर्सचा नुसता ग्रुप सोडला म्हणून मेंबरशिपची फी कापली जायची थांबत नाही. ती ऑटोपेवर, म्हणजे आपण एकदा देऊन ठेवलेल्या मंजुरीवर चालते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज यावा लागतो. तो आला, की यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून ती मंजुरी रद्द करायची. त्यासाठी ट्रेनरला फोन करावा लागत नाही.