बसण्याचे शब्द : इंग्रजीतले आणि आपले

'सिट म्हणजे बसणे' एवढे पाठ केले की इंग्रजीतले बसणे आपल्याला समजले, असे आपण शाळेत धरून चालतो. पुढे महाविद्यालयात कथा-कादंबऱ्या वाचताना मात्र स्लाउच, लाउंज, स्प्रॉल, पर्च, क्राउच, स्क्वॉट असे शब्द एकामागून एक भेटू लागतात आणि आपण वहीत सर्वांपुढे 'बसणे' लिहून मोकळे होतो. या शब्दांत भेद काय आहे आणि मराठीत त्यांना जवळचे शब्द कोणते, हे पाहण्यासारखे आहे.

यांपैकी बरेच शब्द खुर्ची, सोफा किंवा कठडा गृहीत धरतात. स्लाउच म्हणजे खांदे पाडून, पोक काढून बसणे. त्यात आळसाचा ठपकाही आहे. लाउंज म्हणजे निवांत रेलणे. स्प्रॉल म्हणजे हातपाय अस्ताव्यस्त पसरून पडणे. शहराच्या बेबंद वाढीलाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. पर्च हा मूळचा पक्ष्याचा शब्द. पक्षी डहाळीवर बसतो, तसा माणूस कट्ट्याच्या कडेला जेमतेम टेकतो. "बसत नाही, जरा टेकतो" असे आपण म्हणतो, त्यातले टेकणे याच्या बरेच जवळ आहे. क्राउच म्हणजे अंग आखडून खाली वाकणे; प्रसंगी 'दबा धरणे' हा त्याचा चांगला अनुवाद होतो. नील म्हणजे गुडघ्यांवर बसणे. चर्चमधील प्रार्थनेत त्यातून भक्तिभाव व्यक्त होतो. मराठीत मात्र 'गुडघे टेकले' म्हटले की हार पत्करली असाच अर्थ होतो.

जमिनीवर बसायची वेळ आली की इंग्रजीचा शब्दसंग्रह आटतो. मांडी घालण्याला ती 'क्रॉस-लेग्ड' म्हणते. पण खुर्चीत पायावर पाय टाकून बसणाऱ्यालाही तोच शब्द लागतो. तेव्हा माणूस कशावर बसला आहे, हे पाहिल्याशिवाय अनुवाद करू नये. मांडीला युरोपात 'शिंप्याची बैठक' असेही नाव आहे, कारण तिकडचे शिंपी टेबलावर मांडी घालून शिवत असत. अमेरिकेत तिला 'इंडियन स्टाइल' म्हणत. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, तर तिथले मूळ रहिवासी. मराठीत मात्र मांडी घालणे वेगळे, मांडी ठोकणे वेगळे, फतकल मारणे वेगळे आणि ठिय्या देणे तर त्याहून वेगळे. विळीवर चिरताना पाट पायाखाली दाबून धरणे, खुरपताना उकिडवे बसूनच पुढे सरकणे, या बैठकींना इंग्रजीत सुटसुटीत क्रियापद सापडत नाही. ज्या समाजाची कामे जमिनीलगत चालतात, त्याच्या भाषेत जमिनीलगतचे शब्द वाढतात.

उकिडवे बसणे म्हणजे स्क्वॉट. हा शब्द 'दाबून चपटे करणे' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी १९५५ साली जगभरच्या बैठकींचा आढावा घेतला. त्यांच्या अंदाजाने मानवजातीपैकी निदान एक चतुर्थांश लोक विश्रांतीसाठी उकिडवेच बसतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या व्याख्यानात पहिल्या महायुद्धातील आठवण सांगितली. ऑस्ट्रेलियन सैनिक चिखलातही टाचांवर बसून विसावा घेत आणि ते स्वतः उभेच राहत. मुलांची ही सवय मोडणे ही आपल्या समाजाची चूक आहे, असे त्यांचे मत होते. मोलगीच्या बाजारात आमचुराच्या ढिगापुढे तासन्‌तास उकिडवा बसलेला माणूस असंस्कृत ठरत नाही. साहेबाच्या पायांनी गमावलेली कला त्याने टिकवली आहे, इतकेच.

याच स्क्वॉटवरून 'स्क्वॉटर' झाला : परक्या जमिनीवर हक्कावाचून ठाण मांडणारा. परंतु एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवर मेंढ्यांचे कळप घेऊन बसलेले गोरे स्क्वॉटर पुढे गर्भश्रीमंत झाले आणि तो शब्द तिथे प्रतिष्ठेचा बनला. बसण्याची रीत तीच; बसणारा कोण, यावर मान ठरला. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याला कागदोपत्री 'अतिक्रमणदार' म्हणत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचेही नमूद केले. 'अतिक्रमणदार' की 'हक्कदार', या एका शब्दावर आपल्या भागातील कित्येक घरांची चूल अवलंबून आहे.

म्हणून बसण्याचा इंग्रजी शब्द भेटला की तीन गोष्टी पाहाव्यात : माणूस कशावर बसला आहे, कोणापुढे बसला आहे, आणि लिहिणारा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो आहे. शब्दकोश यानंतर उघडावा. आणखी एक काम आपल्याला करता येईल. मोलगी परिसरात घरोघरी भिली आणि पावरी बोली बोलल्या जातात. शेतात, चुलीपाशी, पंचांपुढे बसण्यासाठी त्यांत कोणकोणते शब्द आहेत, हे आपापल्या आजी-आजोबांना विचारून टिपून ठेवावे. प्रत्येकाने दहा शब्द आणले, तरी पुढच्या अंकासाठी एक चांगला लेख तयार होईल.