पाहुण्याच्या हाती उलथने

उपाहारगृहात जायचे ते घरच्या चुलीपासून घटकाभर सुटका व्हावी म्हणून, अशी आपली साधी समजूत. जपानात मात्र एक पदार्थ असा आहे, की तो मागवला म्हणजे पुष्कळ ठिकाणी वाढपी कच्च्या मालाचे भांडे आणि दोन उलथनी समोर ठेवतो, नम्रपणे मान लववतो आणि निघून जातो! पुढचे काम पाहुण्याचे. या पदार्थाचे नाव ओकोनोमियाकी. ‘ओकोनोमी’ म्हणजे आवडेल ते आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेले.

टेबलातच सपाट लोखंडी तवा बसवलेला असतो. भांड्यात गव्हाचे भिजवलेले पीठ, भरपूर चिरलेला कोबी, अंडे आणि आपण निवडलेले डुकराचे मांस, कोळंबी किंवा माकुल. आपल्या धिरड्याचा हा लांबचा भाऊच म्हणा ना. फक्त अंगाने चांगला जाडजूड!

कृती सोपी आहे. मिश्रण तळापासून वर असे हलक्या हाताने ढवळावे. फार घोटले तर पीठ चिवट होते. तव्यावर तेल पसरून मिश्रणाचा गोल घालावा, मांसाचे काप वर मांडावेत आणि चार-पाच मिनिटे हात स्वस्थ ठेवावेत. हेच सर्वांत कठीण! कडा सुकल्या, की दोन्ही बाजूंनी उलथनी सारून एका झटक्यात उलटावे. उलटल्यावर वरून दाबण्याचा मोह होतो. तो टाळावा; दाबले की आतली वाफ निघून जाते आणि हलकेपणाही तिच्याबरोबर जातो. शेवटी गोडसर काळा सॉस, मेयोनीज, समुद्रशेवाळाची हिरवी भुकटी आणि वाळवलेल्या माशाचा पातळ कीस. उष्णतेने तो कीस असा हलतो, की मुले टाळ्या पिटतात.

शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की ‘मांस नको’ म्हटल्याने काम भागत नाही. पीठच बहुधा दाशी नावाच्या माशाच्या अर्कात भिजवलेले असते. म्हणून भांडे समोर येण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

स्वतः भाजण्याची ही रीत आली कोठून? पूर्वी टोकियोत खाऊच्या दुकानांत मुले तापल्या तव्यावर पातळ पिठाने अक्षरे काढीत आणि ती भाजून खात. त्याच कुळातला मोंजायाकी आजही तेथील त्सुकिशिमा भागात खायला मिळतो. आसाकुसातले सोमेतारो हे १९३७ साली निघालेले उपाहारगृह. तेथे आजही चटईवर बसून आपले आपण भाजावे लागते.

पण या मुलांच्या खेळाला पुढे फार गंभीर काम करावे लागले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. शहर बेचिराख झाले. तांदूळ दुर्मिळ, आणि मदत म्हणून अमेरिकेतून आलेला गहू तेवढा हाताशी. अशा वेळी मिळेल तो लोखंडी पत्रा तापवून लोकांनी हातगाड्या लावल्या. पातळ पोळी आणि तिच्यावर कोबीचा ढीग. एवढ्यावर कितीतरी पोटे भरली. अनेक स्त्रियांनी घराच्या ओसरीवर तवा मांडून त्यावर संसार सावरला. काही दुकानांच्या नावांना ‘चान’ हा लाडका प्रत्यय आहे. दुरावलेल्या माणसांना आपला ठाव लागावा म्हणून ती नावे ठेवली, असे सांगतात.

हिरोशिमात मात्र भाजण्याचे काम सहसा पाहुण्याकडे देत नाहीत. पोळी, कोबी, मांस, शेवया, अंडे असे थरावर थर कोसळू न देता उलटणे हे सवयीच्या हाताचेच काम. पाहुण्याला मिळते ते छोटे उलथने, तव्यावरूनच तुकडा उचलून खाण्यासाठी. ‘ओकोनोमीमुरा’ म्हणजे ओकोनोमीचे गाव. या नावाच्या इमारतीत अशी दुकाने दाटीने थाटली आहेत.

म्हणून जपानच्या प्रवासात संधी मिळाली, तर ओसाकात वा टोकियोत उलथने जरूर हाती घ्यावे, मुलांनाही द्यावे. पोळी मोडली तरी चव मोडत नाही! आणि हिरोशिमात ते खाली ठेवून समोरचे हात पाहावेत. ‘आवडेल ते’ असे नाव मिरवणारा हा पदार्थ त्या शहराने अशा दिवसांत जपला, की तेव्हा आवडीनिवडीला जागाच उरली नव्हती. मिळेल ते खाऊन जगलेल्यांनी पुढच्यांसाठी आवडेल ते वाढून ठेवले. त्या तव्याची खरी ऊब हीच!