माशाचा बुळबुळीत थर: समज, गैरसमज आणि जनुके

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे पाण्यात सुळकन सरकण्यासाठीचे वंगण, असा समज सर्रास आढळतो. थरामुळे पाण्याचा विरोध कमी होतो, हे खरे. पण दाटीने वाढवलेल्या माशांच्या बाबतीत त्याचे खरे मोल रोगप्रतिकारात आहे. माणसाच्या त्वचेवर असते तसे मृत पेशींचे कोरडे आवरण बहुतेक माशांना नसते. कातडीच्या अगदी बाहेरच्या पेशीही जिवंत असतात आणि जंतूंनी भरलेल्या पाण्याला थेट भिडलेल्या असतात. त्यांच्यातल्या चषकपेशी म्युसिन नावाची प्रथिने स्रवतात. ही प्रथिने पाणी धरून फुगतात, जंतूंना अडकवतात आणि त्यांच्यासह वाहून जातात. त्याच थरात लायसोझाइम, कॅथेलिसिडिन, बीटा-डिफेन्सिन असे जंतुनाशक रेणूही असतात. संसर्ग झाला की यांपैकी अनेकांची जनुके अधिक जोमाने काम करू लागतात. बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने पकडली की हा थर खरवडला जातो, आणि पुढे त्याच जागी कापसासारखी बुरशी धरू शकते.

माशांची प्रतिकारशक्ती ढोबळ असते, नेमकी प्रतिपिंडे फक्त रक्तात सापडतात, हा समजही चुकीचा. 2005 मध्ये रेनबो ट्राउटमध्ये आयजीटी हे नवे प्रतिपिंड सापडले. ते प्रामुख्याने श्लेष्मल आवरणांवर काम करते, हे 2010 मध्ये ट्राउटच्या आतड्यात दिसून आले. पुढे कातडी आणि कल्ल्यांतही तेच आढळले. माणसाच्या आतड्यात हे काम आयजीए हे प्रतिपिंड करते. दोघांचे काम सारखे असले तरी आयजीटी हे आयजीएचे पूर्वरूप नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली.

एका जातीचा निष्कर्ष सगळ्या माशांना लावणे ही तर अभ्यासकांनाही भुलवणारी चूक. चॅनल कॅटफिशमध्ये आयजीटीचे जनुक सापडत नाही. अटलांटिक कॉडमध्ये जंतूंचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या एमएचसी-2 व्यवस्थेची जनुकेच गळून गेली आहेत, हे 2011 मध्ये त्याच्या जनुकसंचाच्या वाचनातून उघड झाले. तरी कॉड समुद्रात खुशाल जगतो.

रोगाला दाद न देणारा मासा म्हणजे जनुकबदल केलेला मासा, हा शेवटचा गैरसमज. अटलांटिक सॅमनमध्ये आयपीएन या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार करण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात 26व्या गुणसूत्रावरील एका भागाशी जोडलेली आहे. आवरणपेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रथिनाचे जनुक त्याच भागात आहे. 2015 मध्ये कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेले. 2021 मध्ये शेजारच्या एनएई-1 जनुकाचे नाव पुढे आले. जनुकाचा वाद मिटायची वाट न पाहता, याच भागातील जनुकीय खुणा तपासून नैसर्गिकरीत्या प्रतिकारक्षम नर-मादी निवडल्या गेल्या. त्यांच्या अंड्यांचा वापर वाढला तसा नॉर्वेत 2009 नंतर आयपीएनचा प्रादुर्भाव झपाट्याने घटला. मात्र हे संरक्षण त्या एका रोगापुरते असते, आणि अलीकडे अशा माशांनाही ग्रासणारे विषाणूचे प्रकार तिथे आढळले आहेत.