रुपयाचे चिन्ह : विद्यार्थ्यांसाठी सादरीकरणाचा धडा

₹ हे चिन्ह घडवले तेव्हा डी. उदय कुमार पवईच्या आयआयटी मुंबईत, ‘आयडीसी’ या डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते.

● स्पर्धा : केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये जाहीर केली. अंतिम फेरीत पाच संकल्पना.

● चिन्हामागची गोष्ट : देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ. माथ्यावर शिरोरेषा. दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा तिरंगा सुचवते. सगळी गोष्ट मोजक्या रेषांत.

● निकाल : १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता, बक्षीस अडीच लाख रुपये. त्याच वर्षी युनिकोडमध्ये समावेश, २०११ पासून नाण्यांवर.

● यातून धडा, स्वतःचे डिझाइन घेऊन ज्युरीसमोर जाताना :
– आधी वापरणारा माणूस आणि त्याची अडचण सांगा, लोगो नंतर.
– मूळ कल्पना एका वाक्यात बसवा.
– प्रत्येक रेषेचे, रंगाचे कारण तयार ठेवा.
– चिन्ह काळ्या-पांढऱ्यात आणि अगदी लहान आकारातही दाखवा.
– नाव, रंग, टाइप पोस्टरपासून मॉडेलपर्यंत एकच ठेवा.

जिचे कारण सांगता येत नसेल, ती रेषा सादरीकरणाआधीच खोडा.