अठरा ते तीस मीटर : धीर कसा येतो?

‘तू समुद्राखाली जातेस, तुला भीती नाही वाटत?’ हा प्रश्न कॉलेजात मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. खरं सांगायचं तर वाटते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी गेल्या, पण पाण्याखाली कुणीच गेलेलं नाही. आजी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहते, पण गुडघाभर पाण्यापलीकडे पाऊल टाकत नाही. तीच भीती माझ्यातही उतरली आहे. या भीतीचं पुढे काय करायचं, ते मात्र स्कूबाच्या दुसऱ्या कोर्सने मला शिकवलं. ते मित्रमैत्रिणींना सांगावं म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती. पॅडी या संस्थेचा ‘ओपन वॉटर’ कोर्स पूर्ण केला की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यानंतरचा ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर’ केला की ही मर्यादा ३० मीटरवर जाते. त्यात पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि पाण्याखालचं दिशाज्ञान या दोन सक्तीच्या, उरलेल्या तीन आपण निवडायच्या. मी तरंगण्यावरचा ताबा, मासे ओळखणं आणि बोटीवरून डाइव्ह हे विषय घेतले. आपल्याकडे ग्रँड आयलंडजवळ पाणी उथळ आणि बऱ्याचदा गढूळ असतं. म्हणून खोल डाइव्हसाठी आम्ही मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर गेलो.

पहिला कोर्स झाला तरी माझ्या मनात तीन धास्त्या होत्या : हवा संपेल, वाट चुकेल आणि ऐन वेळी डोकं चालणार नाही.

हवेपासून सुरुवात करू. पृष्ठभागावर आपल्यावर साधारण एक बार दाब असतो आणि दर दहा मीटरला त्यात एकेका बारची भर पडते. म्हणजे तीस मीटरवर चौपट दाब, आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा. आमच्या प्रशिक्षकांनी बोटीवर बसून हे गणित वहीत करायला लावलं. बारा लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली की सुमारे २४०० लिटर हवा मिळते. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला राहिले १८०० लिटर. वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर ही हवा ९० मिनिटं पुरेल. दहा मीटरवर तीच ४५ मिनिटं आणि तीस मीटरवर साडेबावीस मिनिटं. आता समजा घाबरून श्वास दीडपट झाला, तर तळाशी पंधराच मिनिटं! म्हणजे घाबरण्याची किंमत चक्क मिनिटांत मोजता येते. दर दोन-तीन मिनिटांनी गेज बघायचं आणि आकडा सोबत्याला बोटांनी सांगायचा, ही सवय लागल्यावर ‘हवा संपेल’ ही धास्ती आपोआप ओसरली. मनात आधी नुसता अंधार होता, तिथे आता एक आकडा होता.

यातच तरंगण्याचा सराव कामी येतो. श्वास भरून घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. कमरेला शिशाची वजनं बरोबर असतील आणि जॅकेटमध्ये हवा बेताची असेल, तर हातपाय न हलवता एका जागी राहता येतं. पहिल्या दिवशी मी लिफ्टसारखी वरखाली होत होते. जमेना तसा सगळा भर लांब, संथ श्वास सोडण्यावर दिला. हात पोटाशी दुमडून जेमतेम मिनिटभर तरंगले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पाणी आपल्याला ढकलत नाहीये, धरून ठेवतंय. श्वास रोखून मात्र कधीच धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते.

दुसरी धास्ती दिशेची. गढूळ पाण्यात मन बेधडक खोटं सांगतं. ‘बोट डावीकडेच आहे’ असं छातीठोक वाटतं आणि होकायंत्र उजवीकडे दाखवत असतं. सराव साधा असतो. ठरावीक अंतराला पाय किती वेळा मारावे लागतात ते मोजायचं, मग होकायंत्र आडवं, शरीराच्या रेषेत धरून सरळ जायचं, १८० अंश वळायचं आणि तेवढेच पाय मारून परत यायचं. त्यानंतर चौकोन. चौकोन पूर्ण करून मी निघाल्या दगडापासून हातभर अंतरावर पोचले, तेव्हा रेग्युलेटर तोंडात असूनही हसू आलं.

तिसरी धास्ती डोक्याची, आणि ती निराधार नव्हती. तीस मीटरच्या आसपास दाबाखालच्या नायट्रोजनमुळे काहींना हलकी गुंगी येते आणि विचार मंदावतात. म्हणून एखादं साधं कोडं आधी बोटीवर आणि मग तळाशी सोडवायला देतात, दोन्हींचा वेळ ताडून बघतात. गुंगी जाणवली तर उपाय सोपा आहे : थोडं वर या, ती उतरते. तिथे फार वेळ थांबायचंही नसतं. पॅडीच्या तक्त्यानुसार ३० मीटरवर पहिल्या डाइव्हची मर्यादा २० मिनिटं आहे. परतताना सावकाश वर यायचं आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

पण सगळ्यात मोठा धडा अंगठ्याने शिकवला. जमिनीवर अंगठा वर केला की ‘मस्त!’; पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. ‘सगळं ठीक’ म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ करतात. डाइव्हिंगमध्ये एक पक्का संकेत आहे : कुणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कुणी दोष द्यायचा नाही. नेत्राणीच्या पहिल्या सकाळी आठ मीटरवर माझा कान मोकळा होईना. नाक दाबून हळूच फुंकर मारली, दोन मीटर वर येऊन पुन्हा बघितलं, तरी दुखणं थांबेना. फी भरलेली, सुट्टी काढलेली, बाकीचे खाली निघालेले. मी अंगठा वर केला. प्रशिक्षकांनी तीच खूण परत दिली आणि आम्ही वर आलो. बोटीवर कुणी एक शब्द बोललं नाही, उलट गरम चहा हातात आला. दुसऱ्या दिवशी कान मोकळा होता. संगणकावर २८ मीटर हा आकडा बघितला, तेव्हा आदल्या दिवशी परत फिरता आलं होतं म्हणूनच आज इतकी शांत आहे, हे लक्षात आलं. परतीची वाट आपल्या हातात असली की खाली जायला बळ येतं.

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असं आपण म्हणतो. ते खरंच, पण पडायच्या आधी हवेचा हिशेब, दिशेचा अंश आणि परतीची खूण ठाऊक असावी. ज्यांना शिकायचंय त्यांनी वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा, सर्दी असेल तर घाई करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे समुद्र बंद असतो. तेवढ्यात पोहण्याचा सराव करून घ्या. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळू लागतं. आजीला मी हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ‘आणि वर यायची खूण कुठची?’ मी अंगठा दाखवला.